पुंखावरून बाणाची परीक्षा : शिरूर–दौंड परिसरांतील साधनांचा विचार

बाणाचा इतिहास सांगणारे बहुतेक लेखक बाणाच्या टोंकापासून आरंभ करितात. याचें कारण उघड आहे. टोंक दगडाचें, हाडाचें, तांब्याचें किंवा लोखंडाचें असतें. म्हणून तें मातींत टिकतें, उत्खननांत हातीं लागतें व संग्रहालयाच्या कपाटांत मांडतां येतें. काडी, पिसें व दोरी यांचें तसें नाहीं. त्यांतही बाणाच्या मागील शेवटास दोरी बसण्याकरितां जी खाच असते, तिची तर कोणी विचारपूसही करीत नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय ही खाच हा आहे. शिरूर व दौंड या दोन तालुक्यांत, आणि त्यांस लागून असलेल्या भीमा व घोड या नद्यांच्या कांठीं, इसवी सनापूर्वीं सुमारें दीड हजार वर्षांपासून तों इ. स. १८१८ पर्यंतचे बाणासंबंधींचे असे पुरावे आहेत, कीं ज्यांचा अर्थ केवळ टोंकावरून किंवा नांवावरून लावूं गेल्यास फसगत होते. खाचेचा विचार केल्यास ती फसगत टळते. एवढेंच येथें दाखवावयाचें आहे.

या खाचेस संस्कृतांत पुंख म्हणतात. कोशकार पुंख म्हणजे पिसें लावलेला बाणाचा मागील भाग असा अर्थ देतात, व व्यवहारांत पिसें आणि खाच हीं दोन्ही त्या शब्दांत येतात. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गांत सिंहावर बाण टाकूं पाहणाऱ्या दिलीप राजाचीं बोटें पुंखाशींच खिळून राहिलीं, असा प्रसंग आहे. त्या ठिकाणीं मल्लिनाथानें पुंख म्हणजे बाणाचा 'कर्तरी' नांवाचा मूळचा भाग, असें समजाविलें आहे. कर्तरी म्हणजे कातर. दोन कानांमधील खाच उघड्या कातरीसारखी दिसते, त्यावरूनच हें नांव पडलें असावें. याच प्रसंगावरून दुसरीही एक गोष्ट कळते. राजा त्या वेळीं भात्यांतून बाण उपसूं पाहत होता. म्हणजे बाण भात्यांत टोंक खालीं व पुंख वर असा राहत असे, आणि हातास प्रथम लागे तो पुंख. यावरून राजा दोरी कशी ओढीत असे, याचें अनुमान मात्र कोणी काढूं नये. बाण अद्याप दोरीस लागलेलाच नव्हता.

पुंख हा शब्द आपल्याकडे एका वनस्पतीच्या नांवांत अजून जिवंत आहे. मराठींत जिला उन्हाळी म्हणतात, तिचें वैद्यकांतील नांव शरपुंखा. दख्खनच्या कोरड्या माळरानावर व रस्त्यांच्या कडेस ती आपोआप उगवते. तिचें लहानसें पान देंठाकडून व शेंड्याकडून धरून ओढलें, तर तें सरळ न फाटतां मध्यें कोन करून तुटतें, आणि तुटलेली कड हुबेहूब बाणाच्या शेपटासारखी दिसते. ज्यांनीं हें नांव ठेविलें, त्यांच्या डोळ्यांपुढें पुंखाची आकृति पक्की ठसलेली होती, हें सांगावयास नकोच.

१. पुंखाची निवड व बसवणी

पुंखाचें काम दिसण्यांत लहान, परंतु परिणामानें मोठें आहे. धनुष्याच्या दोन्ही बाहूंत सांठलेला जोर दोरीवाटे बाणांत जावयाचा, तो सर्व या एका खाचेंतून जातो. खाच दोरीहून रुंद असली, तर बाण ओढतांना घसरतो. ऐन सोडण्याच्या क्षणीं दोरी खाचेंतून निसटली, तर बाण पायापाशीं पडतो व रिकाम्या दोरीचा हिसका बसून धनुष्य मोडण्याचा संभव असतो. खाच अरुंद असली, तर बाण दोरीस धरून राहतो, सुटतांना अडखळतो व खाचेचे कान चिरतात. याची परीक्षा सोपी आहे. बाण दोरीस अडकवून टोंक खालीं करून लोंबता सोडावा. स्वतःच्या भारानें तो पडूं नये. परंतु दोरीस टिचकी मारतांच गळावा. जुन्या पद्धतीनें धनुष्य चालविणारे लोक आजही हीच परीक्षा करितात.

पुंख दोन जातींचा असतो. एक अखंड व दुसरा जोडाचा. भरीव लांकडाच्या किंवा जाड सालीच्या वेळूच्या काडीस खाच थेट कापतां येते. मात्र पेर पाहून कापावी लागते. गांठीच्या लगत वरच्या अंगास खाच घेतली, म्हणजे खाचेच्या तळाशीं गांठ येते, दोरीचा धक्का त्या घट्ट भागावर बसतो व काडी उभी चिरत नाहीं. शिवाय खाचेच्या खालीं स्नायूच्या किंवा सुताच्या फेऱ्या देऊन वर सरस किंवा लाख लावितात. तेंही चिरण्याच्या भयानेंच. काडी बोरूसारखी पोकळ असेल, तर खाच थेट कापून चालत नाहीं, कारण दोन्ही कान पातळ सालीचेच राहतात. तेथें कठीण लांकूड, शिंग, हाड किंवा हस्तिदंत यांचा लहान खुंटा घडवितात, त्याच्या वरच्या अंगास खाच पाडितात, खालचें निमुळतें अंग पोकळींत सरसानें बसवितात आणि बाहेरून बांधून टाकितात.

दोन्ही जातींत खाचेचा तळ गोल व गुळगुळीत पाहिजे. तेथें धार राहिली, तर ती दोरीचे तंतु कापूं लागते. पिसांची व खाचेची दिशाही जुळवावी लागते. पिसें तीन असतील, तर एक पीस खाचेशीं काटकोन करून धनुष्याच्या बाहेरच्या अंगास ठेवितात, म्हणजे उरलेलीं दोन धनुष्यास कमी घासतात; पिसें चार असतील, तर दोन्ही बाजू सारख्याच. शेवटीं वजनाचा प्रश्न येतो. जड शिंगाचा किंवा हाडाचा पुंख बसविला, कीं बाणाचा तोल मागें सरकतो, व तो सांवरण्यास टोंक जड करावें लागतें किंवा पिसें वाढवावीं लागतात. सारांश, पुंख हा धनुष्य, दोरी, काडी, पिसें, टोंक व धनुर्धराचीं बोटें या सहांमधील दुवा आहे. एक पुंख हातीं आला, तर या सहांविषयीं कांहीं ना कांहीं बोलतां येतें. एका टोंकावरून तसें बोलतां येत नाहीं.

यास विलायतेंतील एक उदाहरण पुरेसें आहे. इ. स. १५४५ मध्यें बुडालेलें 'मेरी रोझ' नांवाचें इंग्रजी लढाऊ जहाज इ. स. १९८२ मध्यें समुद्रांतून वर काढण्यांत आलें. त्यावर धनुष्यें निघालीं, हजारों बाण निघाले; परंतु दोरी एकही टिकली नव्हती. बाणांच्या शेवटास खाचेच्या बळकटीकरितां शिंगाची चकती बसवीत असत. तीही कुजून गेली होती, पण तिची फट काडींत राहिली होती. त्या बाणांच्या खाचा मोजून अभ्यासकांनीं दोरीची जाडी सुमारें ३ मिलिमीटर असावी असें ठरविलें. नाहींशा झालेल्या दोरीचें माप जें मिळालें, तें खाचेवरून.

२. इनामगांव

आतां आपल्या प्रदेशाकडे वळूं. इनामगांव हें शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या उजव्या कांठीं आहे. तेथें डेक्कन कॉलेजनें इ. स. १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलें. सांकलिया, ढवळीकर व अन्सारी या विद्वानांचीं नांवें या कामाशीं निगडित आहेत, व त्याचा विस्तृत वृत्तांत इ. स. १९८८ मध्यें प्रसिद्ध झाला. वसाहतीचे तीन थर लागले. पहिला माळवा संस्कृतीचा, सुमारें इ. स. पू. १६०० ते १४००. दुसरा पूर्व जोर्वे, १४०० ते १०००. तिसरा उत्तर जोर्वे, १००० ते ७००. लोक शेती करीत, गुरें व शेळ्यामेंढ्या पाळीत, मासे धरीत व काळवीट, हरिण यांसारख्या जनावरांची शिकारही करीत. गारेच्या जातीच्या दगडाचीं बारीक पातीं तेथें विपुल सांपडलीं, व हाडाचीं बाणाग्रेंही सांपडलीं.

तिसऱ्या थराच्या काळांत पाऊसमान घटलें, शेती खालावली व लोक शिकारीकडे आणि मेंढपाळीकडे अधिक वळले, असें उत्खननकारांचें मत आहे. त्याविषयीं मतभेदही आहेत. हा वाद केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा नाहीं. शिरूर व दौंड हे तालुके आजही अवर्षणाच्या छायेंत आहेत, आणि तीन हजार वर्षांमागें याच नदीकांठीं शेतकऱ्यानें नांगर टाकून धनुष्य उचललें कीं काय, हा त्या वादाचा गाभा आहे. अशा प्रश्नांत हाडाच्या टोंकदार तुकड्यांची मोजणी हा पुरावा म्हणून पुढें येण्याचा संभव असतो, व तेथेंच सावध राहिलें पाहिजे. हाडाचें टोंकदार अवजार बाणाचें अग्र असूं शकतें, तसेंच तें कातडें टोंचण्याची आरी, जाळें विणण्याची सुई किंवा मासे मारण्याच्या भाल्याचें टोंकही असूं शकतें. ज्याच्या मागें पुंख होता तोच बाण. आणि पुंख तर मातींत राहिलाच नाहीं. म्हणून अशा तुकड्यांस बाणाग्र म्हणतांना त्यांची जाडी, वजन व मागील अंगास काडी बसविण्याची केलेली सोय यांची परीक्षा हवी, आणि शिकारीचें प्रमाण ठरवितांना जनावरांच्या हाडांवर अधिक भर द्यावा हें बरें.

पुंख मातींत कां राहिला नाहीं, याचेंही उत्तर याच भागांत मिळतें. घोड नदीच्याच कांठीं वरच्या बाजूस असलेल्या चांडोली येथें तांब्याचे मणी जवसाच्या धाग्यांत ओवलेले सांपडले. प्रवरेकांठच्या नेवासें येथेंही तांब्याच्या मण्यांतील कापसाचा व रेशमाचा धागा मिळाला. एरवीं सूत इतकीं शतकें टिकत नाहीं. येथें तें टिकलें याचें कारण तांब्याचा कस. तांब्याच्या गंजानें शेजारच्या तंतूंचें रक्षण केलें. बाणाच्या पुंखाशेजारीं मात्र तांबें कधींच नसतें. त्यामुळें धाग्यास जें भाग्य लाभलें, तें पुंखास लाभलें नाहीं. चांडोलीच्या धाग्यावरून त्या काळीं दोरी कोणत्या पदार्थाची होती हें सिद्ध होत नाहीं. परंतु बळकट तंतु पिळून दोरा करण्याची कला या लोकांस येत होती, एवढें निश्चित.

३. ग्रंथांतील एक अडचण

ग्रंथांकडे पाहिलें, तर तेथेंही पुंखाविषयीं अशीच मुग्धता आढळते. कौटिल्यानें आयुधागाराच्या प्रकरणांत धनुष्यांचे प्रकार सांगितले आहेत. दोरीकरितां मूर्वा, रुई, ताग, गवेधु, वेळू व स्नायु असे सहा पदार्थ सांगितले आहेत. बाणांच्या टोंकांचीं कापणें, भेदणें व ठोकणें अशीं तीन कामें, आणि लोखंड, हाड व लांकूड असे तीन पदार्थ नमूद केले आहेत. पुंख कशाचा करावा, हें मात्र त्या यादींत नाहीं.

इ. स. १३६३ मध्यें संकलित झालेल्या शार्ङ्गधरपद्धतींत धनुर्वेदाचें प्रकरण आहे. त्यांत तपशील अधिक आहे. बाणाची लांबी दोन हातांत एक मूठ कमी, जाडी करंगळीएवढी. पुढें जड तो स्त्री-बाण, मागें जड तो पुरुष-बाण, सर्वत्र सारखा तो नपुंसक. पिसें कावळा, हंस, मोर, गिधाड इत्यादि पक्ष्यांचीं. प्रत्येक बाणास चार, सहा अंगुळें लांब, व शार्ङ्ग धनुष्याच्या बाणास दहा अंगुळें. तीं स्नायूच्या तंतूंनीं घट्ट बांधावीं. दोरी रेशमाची, तिपदरी, मध्यें सांधा नसलेली; आणि तिचीही जाडी करंगळीएवढी.

येथें वाचकानें क्षणभर थांबावें. करंगळीएवढ्या काडींत करंगळीएवढ्या दोरीकरितां खाच कापावयाची ती कोठें? खाच कापली, कीं काडीच उरत नाहीं. वर सांगितलेल्या इंग्रजी बाणांत खाच काडीच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढी आहे. सामान्यतः तसेंच असावें लागतें, म्हणजे दोहों बाजूंस कान राहतात. तेव्हां शार्ङ्गधराच्या दोन मापांपैकीं एक तरी शब्दशः घेतां येत नाहीं. किंवा या बाणांस काडीहून रुंद, बोंडासारखा फुगीर पुंख निराळा बसवीत असत असें मानावें लागतें. आमच्या मतें पहिला पक्ष अधिक संभवनीय आहे. ग्रंथकारानें परंपरेनें आलेलीं दोन प्रमाणें शेजारीं ठेविलीं, व त्यांचा मेळ घालण्याचें काम कारागिराच्या चाकूवर सोडिलें. पक्ष कोणताही स्वीकारला, तरी ही अडचण उघडकीस येते ती पुंखाचा विचार केल्यावरच; काडी व दोरी यांचीं मापें निरनिराळीं वाचणाऱ्यास ती जाणवतही नाहीं.

याच प्रकरणांत दोन बाबी अशा आहेत, कीं त्यांत पुस्तकी विद्या नसून प्रत्यक्ष अनुभव बोलतो. एक, रुईच्या सालीची दोरी करावयाची तर साल भाद्रपदांत घ्यावी. रुई शिरूर-दौंडच्या ओसाड जमिनींत कोठेंही दिसते. तिच्या सालींतील वाख पावसाळ्याच्या अखेरीस काढावा, हा उपदेश पाहणाऱ्यानेंच केलेला आहे. दुसरी, पिकल्या वेळूच्या सालीची दोरी टिकाऊ असते व ती युद्धांत सर्व प्रकारच्या कामास पुरते. या दुसऱ्या बाबीची साक्ष महाराष्ट्रांत अलीकडच्या काळापर्यंत मिळते. खानदेशाकडील भिल्लांचा तीरकामठा सर्वस्वीं वेळूचा असतो. कामठा वेळूचा व दोरीही वेळूच्या सालीच्या पट्टीची. अशी दोरी गोल नसून चपटी असते. चपट्या दोरीस गोल दोरीची खाच चालत नाहीं. ती दोरीच्या रुंदीशीं व जाडीशीं जुळती करून घ्यावी लागते, आणि दोरीची कड कानांस घासून तीं लवकर झिजतात. म्हणून एकाचा बाण दुसऱ्याच्या कामठ्यास लागेलच असें नाहीं. धनुर्वेदाच्या ग्रंथांतील एक ओळ व सातपुड्यांतील एक हत्यार एकमेकांस अशी साक्ष देतात.

४. बोटें व पुंख

दोरी कोणत्या बोटांनीं ओढतात, हेंही पुंखाचें रूप ठरवितें. इ. स. १८८५ मध्यें एडवर्ड मोर्स नांवाच्या अमेरिकन विद्वानानें जगांतील बाण सोडण्याच्या रीतींवर निबंध लिहिला व त्यांचें वर्गीकरण केलें. सर्वांत साधी रीत म्हणजे आंगठा व तर्जनी यांच्या चिमटींत बाणाचें शेपूटच धरून ओढणें. या रीतींत बोटें घसरूं नयेत म्हणून पुंख फुगीर किंवा खरबरीत करितात, असें त्यानें दाखविलें. दुसऱ्या रीतींत बोटें दोरीस धरितात, बाणास नव्हे. तेथें पुंख निमुळता असला तरी चालतो. तिसरी मध्य आशियांतील रीत आंगठ्याची. आंगठ्यांत शिंगाचें, दगडाचें किंवा धातूचें वळें घालून त्यानें दोरी ओढावयाची, व तर्जनीनें बाण बाजूनें दाबून धरावयाचा. घोड्यावरील तिरंदाजास ही रीत सोयीची. परंतु बाजूच्या दाबामुळें खाच दोरीस चांगली आवळून बसणारी लागते.

मूर्तिशिल्पांवरून या रीतींचा निर्णय करूं पाहणारांनीं बेतानें चालावें. दौंड तालुक्यांतील यवतपासून जवळ, पण पुरंदर तालुक्यांत, भुलेश्वराचें यादवकालीन देवालय आहे. त्यावर रामायण-महाभारतांतील प्रसंगांच्या पट्ट्या आहेत, व पुष्कळशा मूर्ति भग्न झालेल्या आहेत. अशा शिल्पांत व गांवोगांवच्या वीरगळांवर धनुर्धर दिसतात. परंतु दगडांत दोरीसारखी बारीक वस्तु सुटी कोरतां येत नाहीं. शिल्पी ती पुष्कळदां गाळतो, किंवा तिच्या जागीं जाड पट्टी ठेवितो. पुंखाची खाच तर त्याच्या छिन्नीच्या आवांक्याबाहेरची. तेव्हां शिल्पावरून मुठीची ठेवण व हात कानापर्यंत ओढला आहे कीं छातीपर्यंत, एवढें पाहावें. त्यापुढें अनुमान ताणूं नये.

५. इ. स. १६८९ : भीमेकांठचे तीर

आंगठ्यानें ओढण्याची रीत ज्या सैन्यांत रूढ होती, तें मोगली सैन्य याच भीमेकांठीं येऊन राहिलें होतें. दौंडसमोर भीमेच्या पलीकडे, हल्लींच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील श्रीगोंदे तालुक्यांत, पेडगांव आहे. तेथील किल्ला बहादूरगड. इ. स. १६८९ च्या फेब्रुवारीच्या आरंभीं संगमेश्वरीं छत्रपति संभाजी महाराज व कवि कलश मोगलांच्या हातीं सांपडले. त्या झटापटींत कवि कलशाच्या उजव्या हातास तीर लागला, असें मोगली वृत्तांतांत येतें. पुढें दोघांस बहादूरगडीं बादशहासमोर आणण्यांत आलें, आणि ११ मार्च १६८९ रोजीं त्यांचा अंत झाला. महाराजांचें वृंदावन ज्या वढू बुद्रुक गांवीं आहे, तें शिरूर तालुक्यांत मोडतें. त्या दिवसांत बादशहाची छावणी भीमेच्या आसमंतांत पडलेली होती. म्हणजे मराठ्यांच्या इतिहासांतील अत्यंत दुःखद प्रकरणाच्या आरंभीं एक तीर आहे, आणि त्याचा शेवट याच भीमेकांठीं झालेला आहे.

हा तीर कसा होता? टोंकाविषयीं बोलण्यास कांहीं आधार नाहीं. पण मोगली बनावटीचे जे बाण संग्रहालयांतून दिसतात, त्यांपैकीं पुष्कळांची काडी बोरूच्या जातीची पोकळ असून पुंख हाडाचा, शिंगाचा, हस्तिदंताचा किंवा लांकडाचा निराळा बसविलेला असतो. फारशींत या खाचेस सूफार म्हणतात. कमान शिंग, लांकूड व स्नायु यांच्या थरांची, सरसानें सांधलेली. दख्खनच्या पावसाळ्यांत असला सरस ढिला पडतो, व हिंदुस्थानांत पोलादी कमानी होत असत त्याचें एक कारण हें सांगतात. असें असूनही घोडेस्वाराच्या हातीं हें हत्यार बंदुकीपुढें हार खाणारें नव्हतें. औरंगजेबाच्या कारकीर्दीच्या आरंभीं इकडे असलेल्या बर्नियर या फ्रेंच प्रवाशानें नमूद करून ठेविलें आहे, कीं बंदूकवाला दोन बार काढीपर्यंत घोडेस्वार सहा तीर सोडतो. हा वेग पुंखाच्या घडणीवरही अवलंबून असतो. धांवत्या घोड्यावर न पाहतां भात्यांतून तीर उपसावयाचा व तो एका स्पर्शांत दोरीस बसवावयाचा, तर खाच तोंडाशीं सहज शिरणारी व आंत आंवळून धरणारी पाहिजे.

या काळीं धनुर्विद्येची भाषाही पालटली होती. बाणाऐवजीं तीर, धनुष्याऐवजीं कमान, भात्याऐवजीं तरकस, दोरीऐवजीं चिल्ला, हे शब्द लोकांच्या तोंडीं बसले होते. छत्रपति शिवाजी महाराजांच्या आज्ञेनें तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशांत शस्त्रवर्ग हा एक निराळा वर्ग आहे. फारशी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देण्याची गरज भासली, हीच गोष्ट त्या पालटाची साक्ष देते.

६. बाण शब्दाचा घोटाळा

शब्द पालटल्यामुळें पुढील काळांतील कागद वाचणाराची एक मोठी फसगत होते. धनुष्याच्या बाणास तीर म्हणूं लागल्यावर 'बाण' हा शब्द मोकळा झाला, व तो दारूच्या बाणास लागला. लोखंडी नळींत दारू ठांसून ती वेळूच्या लांब काठीस बांधावयाची व बत्ती द्यावयाची, असें हें हत्यार. पेशवाईच्या पत्रांत व बखरींत बाणांच्या कैच्या, बाणदार, बाणांचा मार असे जे शब्द येतात, ते बहुधा याच हत्याराचे. म्हैसूरकरांनीं हें हत्यार इंग्रजांविरुद्ध परिणामकारक रीतीनें वापरलें, व त्यावरून इंग्लंडांत काँग्रीव्ह यानें आपले बाण तयार केले, हें सर्वश्रुत आहे.

याचें उदाहरण शिरूर तालुक्यांतीलच आहे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं कॅप्टन स्टॉन्टन याची तुकडी शिरूरच्या छावणींतून निघाली, व दुसरे दिवशीं, १ जानेवारी १८१८ रोजीं, भीमेकांठच्या कोरेगांवीं तिची पेशव्यांच्या फौजेशीं गांठ पडली. पेशव्यांचें पायदळ नदी उतरून गांवावर चालून गेलें, त्यापूर्वीं बाणांचा मारा झाला, असें लढाईच्या वृत्तांतांत आहे. हे बाण म्हणजे दारूचे बाण. ज्यास हा भेद ठाऊक नाहीं, तो कोरेगांवच्या रणांत तिरंदाजांच्या रांगा उभ्या करील, आणि इ. स. १८१८ मध्यें मराठे धनुष्यबाणानें लढत होते असा सिद्धांत मांडील. अशी चूक एकदां छापली गेली, कीं ती एका पुस्तकांतून दुसऱ्यांत उतरत जाते, व मराठ्यांचें लष्करी शास्त्र मागासलेलें होतें या समजास नवा आधार मिळतो. वस्तुस्थिति उलट आहे. त्या काळच्या युरोपीय सैन्यांनीं ज्याचें अनुकरण केलें, तें हें हत्यार होतें.

येथेंही परीक्षा पुंखाचीच. दारूच्या बाणास दोरी नाहीं, म्हणून पुंख नाहीं. कागदांत भाता, तरकस, चिल्ला, पिसें किंवा कमान यांचा उल्लेख शेजारीं असेल, तर तो धनुष्याचा बाण. दारू, नळी, बत्ती किंवा कैची शेजारीं असेल, तर तो अग्निबाण. शेजारीं कांहींच नसेल, तर पेशवाईंतील कागदांत दुसरा अर्थ आधीं धरावा व पहिला सिद्ध करण्याचा भार तसें म्हणणारावर ठेवावा.

समारोप

वरील विवेचनाचा सारांश असा. इनामगांवच्या हाडाच्या टोंकास मागें पुंख होता कीं नाहीं, यावर तें बाणाग्र कीं आरी हें ठरतें. शार्ङ्गधराच्या दोन मापांतील विसंगति पुंखाशीं येऊन उघडी पडते. भिल्लांचा तीरकामठा व ग्रंथांतील वेळूची दोरी यांचा सांधा पुंखाच्या रूपानेंच तपासतां येतो. भीमेकांठच्या मोगली तिरांचा वेग ज्या घडणींमुळें साधत असे, त्यांत पुंख एक आहे. आणि कोरेगांवच्या बाणांस पुंख नव्हता, म्हणून ते बाण निराळे.

यापुढील काम आतां करण्याजोगें आहे, व तें लांबणीवर टाकण्याजोगें नाहीं. आपल्या संग्रहालयांतून व जुन्या घराण्यांच्या शस्त्रागारांतून जे बाण अद्याप शाबूत आहेत, त्यांच्या टोंकांबरोबरच पुंखांचीही नोंद व्हावी : पदार्थ कोणता, अखंड कीं जोडाचा, खाचेची रुंदी व खोली किती, बांधणी कशाची, पिसें किती. ज्या डोंगराळ भागांत तीरकामठा करणारे वृद्ध कारागीर अजून आहेत, त्यांच्याकडून काडी निवडण्याची व खाच कापण्याची रीत त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावी. त्या शब्दांपैकीं पुष्कळ आमच्या कोशांत आलेले नाहींत. शेंडा मोडलेला बाण आपण जपून ठेवितों, परंतु पुंख मोडलेला बाण निरुपयोगी काडी म्हणून फेंकून देतों. इतिहासाच्या दृष्टीनें पाहतां, मोडका कां होईना, पुंखाचा तुकडाही जपून ठेवण्यासारखा आहे.